आयत्या वेळचा विषय

कॉलनी, सोसायटी आणि रहिवासी संघांच्या कारभाराबद्दल वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

या खेपेला टपालात पैशाची भांडणं फार आली. वर्गणी, शिल्लक, निधी. माझी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरमागे झाली आणि निवृत्तीनंतर कॉलनीची खजिनदारी गळ्यात पडली, त्यामुळे असल्या भांडणांची सवय आहे. पैशाचं म्हणून आलेलं भांडण खोलात गेलं की बहुतेक वेळा मीटिंगचं निघतं. पहिलंच पत्र बघा.

प्रश्न: काकू, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची बंगले आणि रो-हाऊस मिळून बासष्ट घरांची कॉलनी आहे. रहिवासी संघ आहे, नोंदणी केलेली नाही. मागच्या मीटिंगमध्ये कॉलनीच्या चारही तोंडांना सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचे आणि घरटी तीन हजार काढायचे असं सर्वानुमते ठरलं. चौदा जण हजर होते. कॅमेरेवाल्याला अ‍ॅडव्हान्सही देऊन झाला. आता निम्मी घरं म्हणतात, ‘आम्हाला कोणी विचारलं?’ वसुली कशी करावी? (सचिव, रहिवासी संघ)

उत्तर: सचिवसाहेब, पत्रासोबत मीटिंगच्या नोटिशीचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. नोटिशीवर तीन विषय आहेत. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, गणेशोत्सवाचा जमाखर्च, आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. कॅमेऱ्यांचा उल्लेख कुठेच नाही. बासष्ट गुणिले तीन हजार, म्हणजे एक लाख शहाऐंशी हजारांचा खर्च तुम्ही आयत्या वेळच्या विषयात उरकलात.

आता न आलेल्या घरांच्या बाजूने बघा. ही नोटीस वाचून माणसाने काय समजायचं? गणपतीचा हिशोब, तो दरवर्षी असतोच, चला आज दांडी. तीन हजारांचा वास लागला असता तर तोच माणूस पायात चपला सरकवून आला असता, भांडायला का होईना. मीटिंगमध्ये भांडून हरलेला माणूस कुरकुरत का होईना पैसे देतो. घरबसल्या हरलेला देत नाही, आणि पुढची पाच वर्षं प्रत्येक वर्गणीला हाच विषय काढतो.

कायदेशीर वसुली विसरा. सहकारी गृहनिर्माण संस्थेला थकबाकीदाराविरुद्ध महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवता येतो. बिननोंदणीच्या संघाकडे असलं हत्यार नाही. तुमच्या हाती फक्त लोकांची भीड आणि तुमची शिस्त. भिडेवर एखाद्या वेळी भागतं. शिस्त मात्र सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतून, म्हणजे नमुना नियमावलीतून, सरळ उचलता येते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

तिथे वार्षिक सर्वसाधारण सभेला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस आहे, विशेष सभेला पाच दिवसांची. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा कमी असेल तो. बासष्ट घरांना वीस. म्हणजे तुमचे चौदा जण सोसायटीतही पुरले नसते. कोरम भरला नाही तर अर्धा तास थांबून सभा तहकूब करतात, आणि तहकूब सभेला मग कोरमची अट राहत नाही. ही वाट आपल्याकडे इतकी मळलेली आहे की कित्येक नोटिशींवर आधीच छापलेलं असतं, ‘कोरमअभावी सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल.’ गेटला कोणता रंग द्यायचा हे ठरवायला ठीक आहे. घरटी हजारांत पैसे काढायचे असतील तर त्या वाटेने जाऊ नका. बासष्ट घरांतून वीस माणसं जमत नसतील, तर कॉलनीला त्या खर्चाची गरज अजून पटलेली नाही असं समजून थांबा.

तेव्हा पुन्हा सभा बोलवा. नोटिशीत कॅमेरे, अंदाजे खर्च आणि घरटी रक्कम हे सगळं पहिल्या ओळीत लिहा. नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर टाकाच, शिवाय वही घेऊन दारोदार जा आणि ‘नोटीस मिळाली’ म्हणून सही घ्या. पंधरावीस घरांनंतर कंटाळा येतो, तरी जा. त्या दारात उभ्याउभ्या अर्धी चर्चा होऊन जाते. कोणाला कॅमेऱ्याचं तोंड आपल्या खिडकीकडे नको असतं, कोणी स्वतःच्या खर्चाने आधीच दोन लावलेले असतात, एखादी बाई हळूच विचारते, दोन हप्त्यांत चालेल का? भर सभेत ती हे विचारणार नाही.

मग ठराव. प्रोसिडिंगच्या वहीत ‘सीसीटीव्ही बसवण्याचे सर्वानुमते ठरले’ एवढं लिहून खाली सह्या घेतल्या की लोकांना वाटतं काम झालं. त्यातून पैसे कधी, किती आणि कशाच्या बदल्यात हे काहीच कळत नाही. साधारण असं लिहा: ‘कॉलनीच्या चार प्रवेशांवर प्रत्येकी दोन कॅमेरे बसवणे. आलेल्या तीन कोटेशनपैकी अमुक यांचे, करासह रु. इतके, मंजूर. घरटी रु. ३,००० दोन हप्त्यांत, पहिला अमुक तारखेपर्यंत. पंचेचाळीस घरांचा पहिला हप्ता जमा झाल्याखेरीज ऑर्डर देऊ नये. त्या तारखेपर्यंत तेवढे जमले नाहीत तर घेतलेली रक्कम परत करावी. सूचक, अनुमोदक. बाजूने इतके, विरोधात इतके.’ विरोधातली मतं आकड्यासकट लिहा. सगळंच ‘सर्वानुमते’ असलेली वही वाचणाऱ्याला खोटी वाटते.

पंचेचाळीसचा आकडा मी उगाच घातलेला नाही. कोटेशन बसवताना बासष्टने भागू नका. बासष्टच्या बासष्ट घरं वेळेवर पैसे देतील अशी कॉलनी नाशकात तरी माझ्या पाहण्यात नाही. एखादा बंगला बंद असतो, एखाद्याचा मुलगा पुण्याला आणि किल्ली शेजाऱ्याकडे, दोनतीन जण तत्त्वाने देत नाहीत. पंचेचाळीस गुणिले तीन हजार, एक लाख पस्तीस हजार. काम तेवढ्यात बसवा. कॅमेरे कमी करा, केबल कमी लागेल अशा जागा निवडा. नंतर आणखी सतरा घरांचे आले तर ते देखभालीला ठेवा, कारण खरा खर्च तिथेच सुरू होतो.

डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, कोणाच्या घरात बसणार? त्याचं वीजबिल त्यांच्याच मीटरवर पडणार का? नेटचं बिल कोण भरणार, वॉरंटी संपल्यावर एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचे पैसे, कोण देणार? चौकातले कितीतरी कॅमेरे कोळ्याच्या जाळ्यात बंद पडलेले दिसतात ते याच प्रश्नांमुळे. आणखी एक गोष्ट ठरावात घालाच: फुटेज कोण बघणार. पोलिसांनी मागितलं तर, किंवा चोरी-अपघात झाला तर दोन पदाधिकाऱ्यांसमोर. एरवी कोणी नाही. नाहीतर आठवडाभरात कॅमेऱ्याचा उपयोग कोणाची मुलगी किती वाजता घरी आली हे बघायला होतो, आणि मग पुढची वर्गणी विसरा.

राहिला अ‍ॅडव्हान्स. कॅमेरेवाल्याला महिनाभर थांबायला सांगा, आणि ज्या चौदा जणांनी हात वर केले त्यांचे तीन-तीन हजार आधी जमा करा. सभेच्या आदल्या दिवशी त्यांच्या पावत्यांची यादी नोटीस बोर्डावर लावा. ठरवणाऱ्यांनीच अजून दिले नाहीत, हा आक्षेप त्याने आपोआप मिटतो.

प्रश्न: जेलरोडला आमचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. सोसायटीच्या मीटिंगला आमचे हे जातात, सही करतात, हातही वर करतात. मी गेले तर ‘वहिनी, साहेब नाही आले?’ असं विचारतात. मत नक्की कोणाचं? (एक गृहिणी)

उत्तर: तुमचं, ताई. सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत, आणि ते स्वतः हजर राहून द्यायचं. प्रॉक्सी चालत नाही. भागप्रमाणपत्रावर यांचं नावच नसेल आणि तुमच्या लेखी संमतीने सोसायटीने त्यांना सहयोगी सभासदही करून घेतलं नसेल, तर ठरावावरची त्यांची सही उद्या एखाद्या चिडक्या सभासदाने उकरून काढली की सगळ्या सोसायटीची पंचाईत. सचिवांना हे कारण सांगा, हे त्यांना लवकर कळेल. शिवाय समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्या भरलेल्या आहेत का, आणि भरल्या असतील तर त्या बायका मीटिंगला येतात की त्यांचेही साहेबच येतात, ते विचारा.

आणि वेळ बदलून मागा. रात्री साडेआठची मीटिंग म्हणजे बायकांनी येऊ नये याची सोय आहे. रविवारी सकाळी अकराला ठेवली की पोळ्या आटोपून येता येतं.

प्रश्न: आमच्या मंडळाकडे गणपतीचे अठरा हजार शिल्लक आहेत. अध्यक्ष म्हणतात ते ड्रेनेजचं चोकअप काढायला वापरू. खजिनदार हिशोब दाखवायला तयार नाहीत, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणतात. वर्गणी त्यांच्याच मोबाईलच्या क्यूआर कोडवर गोळा झाली होती. (तिघे सभासद, सिडको)

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात आधी हाताळा. मंडळाची वर्गणी माणसाच्या स्वतःच्या खात्यात जाता कामा नये. माणूस कितीही सज्जन असो. त्याच खात्यात त्याचा पगार येतो, त्यातून किराणा जातो, गृहकर्जाचा हप्ता जातो, आणि तीन महिन्यांनी त्यातले अठरा हजार कोणते हे त्या बिचाऱ्यालाही सांगता येत नाही. हिशोब न दाखवण्यामागे नेहमी लबाडी असते असं नाही. पुष्कळदा हिशोब मांडलेलाच नसतो आणि ते कबूल करायची लाज वाटते. त्यामुळे चोर ठरवायला जाऊ नका. ‘दोघे जण तुमच्यासोबत बसतो, बँकेचं स्टेटमेंट आणि पावती पुस्तकं घेऊन एका संध्याकाळी कागद करून टाकू’ असं म्हणा. बसायला तयार झाले तर निम्मं काम झालं. तरीही नाही म्हणाले तर मात्र सभेच्या नोटिशीवर पहिला विषय तोच टाका.

खातं मंडळाच्या नावाने हवं. नोंदणी नसलेल्या मंडळालाही पॅन, नियमावली आणि ठराव दिला तर बँका खातं उघडतात. सही दोघांची ठेवा. मग क्यूआर कोड त्या खात्याचा छापून घ्या. रोख वर्गणीला नंबर घातलेलं, कार्बनचं पावती पुस्तक, आणि पुस्तकं कोणाकोणाला दिली त्याची नोंद. वर्गणी फिरून झाली की वापरलेली, अर्धी, कोरी सगळी पुस्तकं परत घ्यायची. हरवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेले पैसे, मी इतकंच मानते.

आता अठरा हजार. लोकांनी ते गणपतीसाठी दिले. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ क आहे त्यासाठी, आणि नंतर हिशोबही द्यायचा असतो. परवानगी काढली असेल तर हिशोब दाखवणं खजिनदारांच्या मर्जीवर राहत नाही. शिल्लक पुढच्या उत्सवाला ओढायची. दुसरीकडे वळवायची असेल तर नोटिशीत स्पष्ट विषय घेऊन, सभेत विचारून. ड्रेनेजला तर मुळीच नको. रस्त्यातली भुयारी गटार महापालिकेची आहे, तिची तक्रार करायची, वर्गणी काढायची नाही. एकदा तुम्ही पदरचे पैसे घालून चोकअप काढलंत की पुढच्या वेळी महापालिकेची गाडी यायला आणखी उशीर होतो.

प्रश्न: मखमलाबादच्या बाजूला आमचा जुना लेआउट आहे. मधोमध ओपन स्पेस, त्यात गाजरगवत. एका लोकप्रतिनिधींनी दोन वर्षांपूर्वी कार्यक्रमात निधी जाहीर केला, नारळही फुटला, पुढे काही नाही. काही जण म्हणतात आपणच वर्गणी काढून पेव्हर ब्लॉक टाकू. निधी मंडळाच्या खात्यात मागवता येतो का? (अध्यक्ष, मित्र मंडळ)

उत्तर: खात्यात मागवता येत नाही, आणि ते बरंच आहे. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी, खासदारांचाही पाच कोटी. हा पैसा त्यांच्या हातात येत नाही, तुमच्या तर नाहीच. ते काम सुचवतात. पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं, तिथून काम करणारी यंत्रणा ठरते, महापालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग. ती यंत्रणा प्राक्कलन करते, म्हणजे एस्टिमेट. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि पैसे ठेकेदाराला. नारळ यातल्या कोणत्याच पायरीवर लागत नाही, त्यामुळे तो कधीही फोडता येतो.

तुमचं काम यातल्या कुठल्या पायरीवर अडलंय ते शोधा. माझा अंदाज, पहिल्याच. ओपन स्पेसचा सातबारा काढा. जुन्या लेआउटमध्ये पुष्कळदा असं होतं की प्लॉट विकले गेले, घरं झाली, दुसरी पिढी आली, आणि ओपन स्पेसच्या उताऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचं किंवा त्याच्या वारसांचं नाव. नकाशात जागा मोकळी, कागदावर खासगी. अशा जागेवर सरकारी पैसा खर्च करायला कोणताही अभियंता सही करत नाही, आणि का करावी? म्हणून उतारा, मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत आणि मंडळाचा ठराव असे तीन कागद घेऊन तुमच्या विभागीय कार्यालयात जा. नाशिक महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत, तुमचं बहुधा पंचवटी. थेट शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात जाऊन साहेबांना भेटायची हौस अनेकांना असते. तिथूनही फाइल फिरून विभागातच येते. जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का, नसेल तर ताबा घेण्याची कार्यवाही कुठवर आली, एवढंच लेखी विचारा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, माहिती द्यायची मुदत तीस दिवसांची. अर्जात ‘काम का झाले नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. ‘अमुक कामाची प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तकाच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. ज्या कागदाची प्रत नाही, ती पायरी झालेली नाही.

पेव्हर ब्लॉकबद्दल मात्र माझं मत तिखट आहे. मोकळ्या जागेला मोकळं राहू द्या. आधीच घरासमोरचा प्रत्येक वीतभर तुकडा आपण फरशीने बुजवला, आता पाणी मुरायला उरलेली जागाही बुजवायची? गाजरगवत फुलायच्या आत, पावसाळा सुरू होतानाच, मुळासकट उपटायचं असतं. हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. दोनतीन रविवार वीसेक माणसं लागतील, पैसा जवळजवळ नाही. तिथलं एखादं झाड आड येतंय म्हणून छाटायला जाऊ नका. शहरात फांद्या तोडायलाही १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि कोपऱ्यात ‘छोटंसं’ देऊळ बांधायचा विषय कोणी काढला तर आधी परवानगीचा कागद मागा. परवानगीशिवाय तिथे बांधलेली शेडसुद्धा अतिक्रमण ठरते.

वर्गणी काढायचीच असेल तर पाण्यासाठी आणि माळ्यासाठी काढा. निधीतून बाक येतील, झोपाळे येतील, व्यायामाची हिरवी-पिवळी यंत्रं येतील, आणि त्या सगळ्यांहून मोठा ‘यांच्या निधीतून’ असा फलक येईल. उन्हाळ्यात झाडाला पाणी घालायला मात्र कुठल्याही निधीत तरतूद दिसत नाही. घरटी महिना शंभर रुपये असे वर्षाचे एकदम, एप्रिलमध्ये घेतलेत तर माणूस ठेवता येतो. महिन्याच्या महिन्याला शंभर मागत फिरू नका. शंभर रुपये मागायला पाच फेऱ्या होतात आणि देणाऱ्यालाही दर वेळी दिल्यासारखं वाटतं.

प्रश्न: गंगापूर रोडच्या आतल्या भागात आमची कॉलनी. बिबट्या दिसल्याच्या बातमीने सगळे घाबरले आहेत. घरटी हजार काढून फोकस दिवे लावायचे ठरतंय. योग्य आहे का? (एक आजोबा)

उत्तर: आजोबा, भीती खोटी नाही. २०१९ च्या जानेवारीत सावरकरनगरात भरवस्तीत बिबट्या शिरला होता आणि माणसं जखमी झाली होती, ते तुमच्याकडच्या लोकांना आठवत असेलच. पण घाबरलेल्या सभेत पैसे ठरवू नका. रस्त्यावरचे दिवे महापालिकेच्या विद्युत विभागाचे. बंद खांबांची यादी करा, खांबावर नंबर असेल तर तो लिहा, अंधारी जागा कुठली ते नकाशावर दाखवा आणि अर्ज द्या. मोकळ्या प्लॉटमधली झाडोरा माजलेली जागा मालकाने साफ करायची असते, त्याला नोटीस काढायला महापालिकेला सांगा. हे दोन अर्ज फुकट आहेत. फुकटात आणखी एक होतं: उघड्यावर अन्न आणि कचरा टाकणं बंद. कचऱ्यावर कुत्री-डुकरं येतात आणि त्यांच्या मागे बिबट्या. दिसलाच तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. मोबाईल घेऊन मागे धावणाऱ्या तरुण मंडळींना घरात ओढा, त्यासाठी मात्र ठराव लागत नाही.

प्रश्न: संघाची नोंदणी करावी की नाही यावरून आमच्यात दोन तट आहेत. तुमचं काय म्हणणं? (एक सदस्य, अशोका मार्ग)

उत्तर: संघ काय काम करणार त्यावर ठरतं. हळदीकुंकू, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आणि वर्षातून एक सहल एवढंच असेल तर नोंदणीच्या फंदात पडू नका. महापालिकेशी जागेचा करार करायचा असेल, बाहेरून देणग्या घ्यायच्या असतील, लाखांत व्यवहार होणार असेल तर करा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जण लागतात. नियमावली आणि उद्देशपत्रासह अर्ज धर्मादाय कार्यालयात जातो आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते. इथवर सगळे उत्साहाने येतात.

पुढचं कोणी सांगत नाही. दरवर्षी ३१ मार्चला हिशोब बंद, मग ऑडिट. समिती बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करायचा अर्ज. हा एकच कागद आपली मंडळं हमखास विसरतात. दहा वर्षांनी बँक किंवा महापालिका कागद मागते तेव्हा रेकॉर्डवर अध्यक्ष म्हणून जे नाव निघतं त्यांचं वर्षश्राद्ध होऊन गेलेलं असतं. मग मधल्या सगळ्या समित्यांचे चेंज रिपोर्ट, उशीर माफीचे अर्ज, वकिलाची फी. म्हणून नोंदणी करायच्या आधी दोन्ही तटांना एकच विचारा: चेंज रिपोर्ट भरायची जबाबदारी कोण घेतंय, नाव सांगा. नाव मिळालं तर करा.

आणि ‘नोंदणी झाली की देणगीदाराला करात सूट’ हे कोणी सांगत असेल तर अर्धवट सांगतंय. त्यासाठी आयकर खात्याकडे देणगीवरच्या करसवलतीची (लोक जिला ८०जी म्हणतात ती) वेगळी नोंदणी लागते, दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत असलेल्या देणगीदाराला ती सूट मिळतच नाही.

प्रश्न: आमच्या मीटिंगा अडीच-अडीच तास चालतात. अध्यक्ष बोलायला लागले की थांबत नाहीत. ते वयाने मोठे, सगळ्यांना मान. (सहसचिव, इंदिरानगर)

उत्तर: नोटिशीवर सुरू होण्याची वेळ लिहिता, तशी संपण्याचीही लिहा. पैशाचे विषय वर घ्या, लोक ताजे असतात तेव्हा. अध्यक्षांचं मार्गदर्शन सगळ्यात शेवटी, चहा फिरायला लागल्यावर. मानही राहतो आणि ज्याला जायचं तो कप ठेवून जाऊ शकतो.

प्रश्न: भाडेकरूंकडून वर्गणी घ्यावी का? ते म्हणतात मालकाकडून घ्या, मालक म्हणतात राहतात ते, त्यांच्याकडून घ्या. (खजिनदार, गोविंदनगर)

उत्तर: जे राहणार आहे ते मालकाकडून, जे वापरून संपणार आहे ते राहणाऱ्याकडून. गेट, कॅमेरे, झाडांभोवतीच्या जाळ्या मालकाच्या. वॉचमन, सफाई, गणपती भाडेकरूच्या. भाडेकरूकडून घेणार असाल तर त्याला मीटिंगची नोटीसही द्या आणि बसायला खुर्चीही. मालक बाहेरगावी असेल तर फोन करत बसू नका, नव्या भाडेकरूचं सामान उतरायच्या आधी त्याला पत्र पाठवा. त्या दिवशी मालक फोन उचलतो.